मूल शिकायला केव्हा लागते?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



'वर्गात विद्यार्थ्यांना प्रेरणा कशी द्यावी' हा विषय आपण मला दिला आहे. प्रेरणा 'देणे' हा शब्दप्रयोग अलीकडे प्रशिक्षणवर्गांतून फार ऐकू येतो. खडू द्यावा, पाटी द्यावी, तशी प्रेरणाही कपाटातून काढून देता येते अशी काहीशी समजूत त्यामागे दिसते. आपल्या खेड्यांतली माणसे हा शब्द वापरत नाहीत. 'पोराला शाळेची गोडी लागली' असे ती म्हणतात, नाहीतर 'लागली नाही' असे म्हणतात. हा दुसरा शब्दप्रयोग मला अधिक शास्त्रीय वाटतो. गोडी लागते. ती कशाला लागते आणि कशामुळे तुटते, एवढेच शिक्षकाला पाहता येते, आणि त्या बाबतीत त्याच्या हाती पुष्कळ असते.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही बक्षिसे देऊन पाहिली. दर शनिवारी गणितात पहिल्या येणाऱ्याला माझ्या पगारातून एक पेन्सिल. दोन महिन्यांत असे झाले की त्याच चार मुलांच्या दप्तरांत पेन्सिलींचे जुडगे जमले आणि उरलेल्या छत्तीस मुलांनी शनिवारच्या गणिताकडे पाठ फिरवली. त्यांचा हिशेब बरोबर होता. जी शर्यत आपल्याला जिंकता येणार नाही ती धावायची कशाला? भीतीचे तसेच. छडी कायद्याने गेली, पण भीती गेली असे म्हणता येत नाही. २०२३ साली राज्य शासनाने नियम बदलून पाचवी व आठवीच्या वर्गांना वार्षिक परीक्षा आणि तीत नापास ठरवण्याची तरतूद पुन्हा आणली. परीक्षा असू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु नापास होण्याच्या धाकाने अभ्यासाला बसते ते मूल घरी अभ्यासाला जागा असलेले, शिकवणी लावणे परवडणारे मूल असते. ज्याला धाकाची सवय जन्मापासून आहे, त्याच्यावर आणखी एका धाकाचा काय परिणाम व्हायचा? ते शांतपणे शाळा सोडते.

माझ्या डोळ्यांवरची झापड एका मुलीने काढली, तो प्रसंग सांगतो. पुष्कळ वर्षे झाली. दौंड तालुक्यातल्या एका गावी मी चौथीचा वर्ग घेत होतो. दिवाळी झाली की शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरत, कोप्या पडत, आणि बीडकडची दहापाच मुले वर्गात येऊन मागे बसत. त्यांची नावे मी हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहीत असे, कारण गुढीपाडव्याच्या सुमारास ती खोडावी लागणार हे ठरलेले असे. त्यांपैकी एक मुलगी तीन आठवड्यांत एक अक्षर बोलली नव्हती. एके दिवशी भागाकार शिकवताना, पुस्तकातली आंब्यांची उदाहरणे मुलांना कंटाळवाणी झाली म्हणून, मी फळ्यावर एक उदाहरण बनवून घातले. एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, मुकादमाकडून इतकी उचल घेतली. टनाला दर इतका. रोज इतका ऊस पडतो. तर उचल किती दिवसांत फिटेल? माझ्या हुशार मुलांनी भराभर भागाकार करून उत्तर सांगितले. तेव्हा मागून आवाज आला, "गुरुजी, ह्यात खाडे धरलेच न्हाईत."

मी तिला पुढे बोलावले. मग तिने जे सांगितले त्याला अर्धा तास लागला. आई आजारी पडली की एक कोयता पडत नाही, अर्धा पडतो. बैल लंगडला की गाडी तळावर उभी. कारखाना चार दिवस बंद पडला तर ते दिवस कोणाच्या नावावर? मुकादम खाड्याचे वर पैसे कापतो. उलट वाढ्याच्या पेंढ्या विकल्या तर त्याचे रोख येतात, ते उचलीत धरायचे नाहीत, त्यावर मीठमिरची चालते. हे सगळे तिच्या तोंडी होते. वहीत मात्र तिला हातच्याचा गुणाकार येत नव्हता. गावातल्या बागायतदारांची मुले, जी तिच्या शेजारी बसायला कां कूं करीत, ती तिला प्रश्न विचारू लागली. त्यांच्या बापाच्या शेतात तो ऊस उभा होता, आणि तो तोडण्याचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी मागच्याच बाकावरचा एक मुलगा दूध संस्थेची पावती घेऊन आला. फॅट कमी लागला की लिटरमागे किती कापतात ते फळ्यावर घाला, म्हणाला.

मी त्या मुलीला काही प्रेरणा दिली नव्हती. एक चुकीचे उदाहरण दिले होते, आणि ते दुरुस्त करण्यासाठी वर्गाला तिची गरज पडली. त्या दिवसापासून हातचे शिकायला तिला माझ्याकडून आग्रह करावा लागला नाही. पाडव्याआधी टोळी हलली. पुढच्या हंगामात ती आली नाही. तिच्यापाठच्या भावंडांना सांभाळायला कोणी नव्हते असे टोळीतल्या बायकांकडून कळले.

मित्रहो, माझे म्हणणे एवढेच आहे: आपले कोणाला तरी अडते आहे, आपल्याला जे येते किंवा येऊ शकेल त्याचा चारचौघांना उपयोग आहे, असा अनुभव ज्या मुलाला वर्गात येतो ते शिकायला लागते. ज्याला तो येत नाही त्याला गोष्टी सांगा, गाणी म्हणा, भिंतीवर पडदा लावून चित्रे दाखवा; घटकाभर रमते आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहते. वर्ग हा समाजाचाच एक तुकडा असल्यामुळे, समाजात ज्यांचे कोणाला अडत नाही असे मानले जाते त्यांची मुले वर्गातही मागे बसतात. प्रेरणेचा प्रश्न असा अखेर समतेच्या प्रश्नाशी येऊन भिडतो.

यासाठी परदेशी ग्रंथ धुंडाळण्याची आवश्यकता नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे ज्यांनी आपले म्हणणे मांडले त्यांत पुण्याची दोन माणसे होती: जोतीराव फुले आणि पंडिता रमाबाई. जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाचा कैवार घेताना शिक्षक कोण असावा यावर भर दिला. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटणार नाही, खालच्या थरांतील लोकांत जो सहज मिसळेल, असा शिक्षक त्यांना हवा होता; आणि अभ्यासक्रमात मोडी, हिशेब यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान हवे होते. मुलांना गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत असेही त्यांनी सुचवले होते, हे मघाच्या माझ्या बोलण्याच्या विरुद्ध जाते म्हणून मुद्दाम सांगतो. पण त्यांची बक्षिसे ज्यांच्या घरी मूल शाळेत पाठवणे म्हणजे एक मजुरी बुडणे होते त्यांच्यासाठी होती. माझ्या पेन्सिलींशी त्यांची बरोबरी नाही. रमाबाईंनी स्त्री-शिक्षकांची मागणी केली, त्यांना चांगले वेतन आणि राहण्याची सोय मागितली. दोघांनीही मुलांच्या आधी शिक्षकाचा विचार केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आणि योगायोग असा की या दोन्ही विचारांचा प्रयोग आपल्या या दोन तालुक्यांत होऊन गेला आहे. रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेच्या आसपास अनाथ मुली व बाया आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. दुष्काळातून आलेली, मार खाल्लेली, भाषा वेगळी असलेली ही मुले. त्यांना गोडी कशी लावली असेल? रमाबाईंनी त्यांना नुसते वर्गात बसवले नाही. शेत, गोठा, माग, तेलघाणा, छापखाना अशी कामे तेथे होती आणि ती मुलीच चालवीत. खिळे जुळवणाऱ्या मुलीला अक्षर ओळखावेच लागते. रमाबाईंच्या धर्मांतरावर आपण महाराष्ट्रीयांनी शंभर वर्षे वाद घातला. त्या वादाच्या धुरळ्यात केडगावची ही शाळा आपल्या शिक्षणशास्त्राच्या पाठ्यक्रमातून बाजूला पडली. माझे मतभेद माझ्यापाशी. परंतु दौंडच्या शिक्षकाने केडगाव एकदा या दृष्टीने पाहून यावे.

जोतीरावांच्या निवेदनानंतर बरोबर एकशेएक वर्षांनी, म्हणजे १९८३ साली, शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग आले. पाबळ म्हटले की इतिहासप्रेमींना मस्तानीची कबर आठवते. कलबागांना ते गाव हवे होते ते त्याच्या अवर्षणासाठी, त्याच्या सामान्यपणासाठी. ते अमेरिकेत डॉक्टरेट केलेले अन्नशास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले. ती नोकरी सोडून त्यांनी जे. पी. नाईकांनी स्थापलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आश्रयाने विज्ञान आश्रम सुरू केला, आणि विद्यार्थी म्हणून घेतले ते शाळेतून गळालेले. त्यांचे म्हणणे साधे होते. ही मुले मठ्ठ नाहीत. हाताने करता करता शिकणे ही मनुष्यप्राण्याची स्वाभाविक रीत आहे. शाळेने ती काढून घेतली आणि ज्यांना नुसत्या पुस्तकावरून शिकता येते अशा थोड्यांना हुशार ठरवले.

तेथे काय होत असे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण 'कृतीतून शिक्षण' या शब्दांचा आता चोथा झाला आहे. आपल्याकडे कृती म्हणजे कागदाची होडी. पाबळला मुले जमिनीची विद्युतरोधकता मोजून विहिरीला पाणी लागण्याचा अंदाज बांधायला शिकली. दुष्काळी गावात ज्या शेतकऱ्याला विहीर खणायची आहे तो त्या मुलाच्या आकड्याची वाट पाहत उभा असतो. आकडा चुकला तर त्याचे कर्ज बुडते. मग त्या मुलाला ओहमचा नियम शिकण्यासाठी आपण निराळी प्रेरणा ती कोणती देणार? वेल्डिंग, बांधकाम, विजेची जोडणी, माती तपासणे, रक्तातले हिमोग्लोबिन मोजणे ही सगळी कामे गावाच्या खऱ्या गरजेची होती. शिकवणारेही पुष्कळदा गावातलेच कारागीर असत. हाच अभ्यास पुढे 'मूलभूत तंत्रज्ञान' या नावाने आठवी ते दहावीच्या वर्गांसाठी माध्यमिक शाळांत गेला: आठवड्यातला एक दिवस, आणि विषय चार: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. २००२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने तेथे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळा निघाली. अमेरिकेबाहेरच्या अशा अगदी पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू आहे.

येथे आपल्यातले जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो मला हलका वाटत नाही. बागायतदाराचे पोर डॉक्टर होणार, आणि ऊसतोड्याच्या, भूमिहीनाच्या पोराला तुम्ही वेल्डिंग शिकवणार. ही नवी वर्णव्यवस्था नव्हे काय? गांधीजींच्या नयी तालीमचे काय झाले, हे आठवा. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने योजना आखली, ठिकठिकाणी मूलोद्योगाच्या शाळा निघाल्या, आणि काही वर्षांत सूतकताईचा तास हा टकळी फिरवण्याचा उपचार होऊन बसला. बहुजनांच्या पालकांना संशय आला की इंग्रजी आणि गणित वरच्यांसाठी ठेवून आमच्या पोरांच्या हाती टकळी दिली आहे. तो संशय सर्वस्वी खोटा होता असे मी म्हणणार नाही.

याला माझ्यापुरते उत्तर असे. हाताचे काम जेव्हा काही मुलांसाठीच ठेवले जाते तेव्हा ते जातीचे काम होते. वर्गातल्या सगळ्या मुलांनी ते केले आणि त्यातून सगळ्यांनी गणित व विज्ञान गाठले, तर ते शिक्षण होते. त्या ऊसतोड्याच्या मुलीच्या खाड्यांमधून मला तिला मुकादम करायचे नव्हते. भागाकार, सरासरी, टक्केवारी, व्याज इथवर तिला न्यायचे होते, आणि तिच्याबरोबर बागायतदाराच्या मुलालाही. टकळी फसली कारण त्या सुताची गावात कोणाला गरज राहिली नव्हती, आणि गुरुजी स्वतःही खादी घालीत नव्हते. मुलांना हे लगेच कळते.

वाबळेवाडीचा उल्लेख मी केला नाही तर शिरूरकर मला खाली उतरू देणार नाहीत. शिक्रापूरजवळच्या त्या वस्तीवर जिल्हा परिषदेची शाळा ग्रामस्थांनी जमीन देऊन, वर्गणी काढून उभी केली, आणि सरकारी शाळेत प्रवेशासाठी रांग लागल्याचे दृश्य महाराष्ट्राने पाहिले. दत्तात्रय वारे गुरुजींचे नाव त्यामुळे घरोघर गेले. पुढे तेथे वादही झाले, आणि गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले. पट बोटांवर मोजण्याइतका राहिलेली ती शाळा २०२५ साली 'टी-फोर एज्युकेशन' या लंडनच्या संस्थेच्या जागतिक पारितोषिकांत लोकपसंतीच्या पुरस्काराची मानकरी ठरली. पुरस्काराचे मला फार कौतुक नाही. बसगाड्या भरभरून पाहुणे येऊ लागले की शाळेचे प्रदर्शन व्हायला वेळ लागत नाही, आणि एका शाळेत रांग लागते तेव्हा शेजारच्या चार शाळांचा पट उतरतो, त्यांच्याकडे कोण पाहतो? मला त्या शाळेतली जी गोष्ट मोलाची वाटते ती निराळी आहे: 'विषयमित्र'. मोठी मुले लहानांना शिकवतात, आणि ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला दिले पाहिजे अशी रीत आहे. याला काचेचे वर्ग लागत नाहीत. वस्तीशाळेच्या व्हरांड्यातही हे उद्यापासून होऊ शकते. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. नेहमीच्या चार हुशार मुलांनाच शिकवायला बसवले तर आपण पुन्हा माझ्या पेन्सिलींपाशी येऊन पोचू. मागच्या मुलाला असे काय येते जे पुढच्याला येत नाही, ते आधी शिक्षकाने शोधले पाहिजे. त्यासाठी त्याच्या घरी जावे लागते.

आता आपण मनात म्हणत असाल, घरी जायला वेळ कोठे आहे? बरोबर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचे सत्ताविसावे कलम सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढे सोडून शिक्षकाला शिक्षणेतर काम देऊ नये. आपल्यापैकी कितीजणांच्या मोबाईलवर आज सकाळपासून कसली कसली माहिती तातडीने भरण्याचे निरोप आले आहेत, ते हात वर करून सांगा म्हटले तर सभागृहात हातांचे रान उभे राहील. ज्याच्याकडे सतत संशयाने पाहिले जाते, ज्याच्या कामाचे छायाचित्र मागितले जाते पण मत विचारले जात नाही, तो शिक्षक मुलाला 'तुझे मत सांग' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागवले. पानशेतचा दाखला दिला गेला. वाड्यावस्त्यांवरची शाळा उठली तर मोठी मुले बसने जातील कदाचित. सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून जाणार नाही. त्याच वर्षी शाळा कंपन्यांना दत्तक देण्याची योजनाही आली. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतला पैसा शाळेच्या भिंती रंगवायला येतो, त्याला माझी ना नाही. पण त्याच वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराचे मूल आपल्या वर्गात बसलेले असते. आपला बाप सहा महिन्यांनी कामावर राहील की नाही हे त्याला ठाऊक नसते. रंगीत भिंतीकडे पाहून त्याचे चित्त थाऱ्यावर येईल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

या मागण्यांसाठी आपल्याला संघटनेने लढले पाहिजे, आणि पक्ष त्या लढ्यात आपल्याबरोबर राहील. पण तोवर वर्ग थांबवता येत नाही. म्हणून एका कामापुरते बोलतो आणि थांबतो.

पाऊस सरला की पाटसच्या भीमा कारखान्याच्या व आसपासच्या खाजगी कारखान्यांच्या शिवारात तळ पडतील. राहू, पारगाव, केडगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे पेटतील. तेथे उत्तरेकडून आलेली कुटुंबे असतात, त्यांच्या मुलांची भाषाही आपली नाही. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना मध्यंतरी काही हंगाम बंद राहिला, तरी शिरूरचा ऊस कोठेतरी जातोच आणि तो तोडायला माणसे येतातच. कायद्याप्रमाणे ही मुले आपल्या शाळेची आहेत. साखरशाळा निघाल्या, मूळ गावी हंगामी वसतिगृहे निघाली, हमीपत्रके निघाली. तरीही मुले तळावर दिसतात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शाळाच कुरणात नेली होती. आपल्याला निदान शनिवारी दुपारी फडावर जाता येईल, एकट्याने नव्हे, वर्गातली चार मुले बरोबर घेऊन. आणि तेथून एक उदाहरण तरी आणून सोमवारी फळ्यावर घालता येईल. नावे मात्र पहिल्याच दिवशी हजेरीपटावर शाईने लिहावीत.

दाराशी एक वही ठेवली आहे. आपल्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर गेल्या हंगामात कोठे कोप्या पडल्या होत्या, गुऱ्हाळ किंवा वीटभट्टी कोठे आहे, तेथे अंदाजे किती मुले होती, एवढे तीत लिहावे. शाळेचे नाव घालायला कोणाला संकोच वाटत असेल तर नुसते गावाचे घालावे. तळ पडल्यावर पहिल्या आठवड्यात कार्यकर्ते आणि आपण मिळून ती वही घेऊन निघू.